“हे शास्त्रात कुठं आहे?”

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचक मंडळात या पावसाळ्यात एक कादंबरी वाचली गेली. वाचली म्हणण्यापेक्षा ऐकली. पुस्तक इंग्रजीत, म्हणून आमच्यातली एक जण दर रविवारी दोन प्रकरणं वाचून यायची आणि मराठीत सांगायची. अनिटा डायमंट यांची ‘द रेड टेंट’, १९९७ची. बायबलमधल्या याकोबाची मुलगी दीना हिची कहाणी, तिच्याच तोंडून. तिसऱ्या रविवारी मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशींनी पिशवीतून आपलं पवित्र शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, काढलं. पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली, पानांच्या कडा बोटांनी मऊ झालेल्या. उत्पत्तीचा ३४वा अध्याय उघडून त्या सांगणारीला म्हणाल्या, “तू सांगतेस छान गं, पण मला एवढंच दाखव, हे शास्त्रात कुठं आहे?”

पुढचे तीन रविवार त्या एका प्रश्नात गेले, म्हणून हे टिपण. बायबलमधली ओळखीची गोष्ट कुणी नव्याने सांगितली की वाचक हाच प्रश्न विचारत आले आहेत. मराठीत तर त्याची पाळंमुळं बायबलच्या भाषांतराहूनही जुनी आहेत.

मराठीत ख्रिस्ताची कथा आधी भाषांतर म्हणून आलीच नाही, ती पुराण म्हणून आली. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज पाद्री १५७९मध्ये गोव्याला पोचला, आणि १६१६मध्ये तिथल्याच राचोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. सुमारे ११,००० ओव्या, त्याही रोमन लिपीत. मिशनरी विल्यम कॅरींच्या देखरेखीखाली बंगालमधल्या सेरामपूरहून मराठी नवा करार यायला १८११ साल उजाडलं. मधली जवळजवळ दोनशे वर्षं मराठीतला ख्रिस्त ओवीतच होता.

‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही स्टीफन्सची ओवी मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. मला मात्र ग्रंथाच्या आरंभीचा एक प्रसंग त्याहून मोलाचा वाटतो. एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं वाचायला तुम्ही मनाई केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरं पुराण का देत नाही? म्हणजे मागणी वाचकाची होती, आणि ती हातातलं वाचन हिरावून घेतलं गेल्याच्या दुःखातून आलेली होती. स्टीफन्सने ती ऐकली. त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, आदामापासून सुरुवात केली आणि ऐकणाऱ्याच्या कानाला सवयीची चाल ठेवली. वाचकांनी काय केलं? ग्रंथ १६४९ आणि १६५४मध्ये पुन्हा छापावा लागला. लोकांनी तो हाताने उतरवून घेतला. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत आज लंडनमध्ये आहे. जीव जडल्याशिवाय कुणी एवढ्या ओव्या बोरूने उतरवत बसत नाही.

त्याच शतकात इंग्लंडमध्ये वाचकाची दुसरी प्रतिक्रिया लिहून ठेवली गेली, आणि ती भीतीची होती. आदाम आणि हव्वेच्या पतनावरचं मिल्टनचं महाकाव्य ‘पॅराडाइज लॉस्ट’ १६६७चं. १६७४च्या दुसऱ्या आवृत्तीच्या सुरुवातीला त्याचा मित्र अँड्र्यू मार्व्हेल याची एक कविता आहे. वाचायला घेतलं तेव्हा धास्ती वाटली, असं तो मोकळेपणाने सांगतो. एवढ्या ताकदीचा कवी, हा पवित्र सत्यांची नुसती कहाणी आणि जुनं गाणं करून टाकील. शेवटी त्याची खात्री पटते. पण ती पहिली धास्ती मला आमच्या मावशींच्या प्रश्नाची सख्खी बहीण वाटते. लेखक कच्चा असता तर दोघांनाही एवढी काळजी वाटली नसती.

पुढे कादंबरीचं युग आलं आणि लेखकांनी अंतर राखून चालायचं ठरवलं. ल्यू वॉलेसची ‘बेन-हर’ १८८०ची. तिच्यात येशू कडेकडेने येतो, गोष्ट दुसऱ्याचीच आहे. १८९९मध्ये तिचं नाटक झालं तेव्हा येशूच्या जागी नट उभा केला नाही, नुसता प्रकाशझोत सोडला. चर्चला जाणारी माणसंही ते नाटक पाहायला आली.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी असं अंतर राखलं नाही, आणि त्यांना ते राखायची गरजही पडली नाही. १८९५मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने ‘ख्रिस्तायन’ ओवीत लिहायला घेतलं. १९१९मध्ये ते गेले आणि अपुरं राहिलेलं काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं, अध्यायामागून अध्याय लिहीत नेला. मावशींचं माहेर नगरचं. त्यांच्या आजीला त्यातल्या ओव्या पाठ होत्या आणि दळण निवडताना ती त्या म्हणायची. “ते कुणी शास्त्राशी ताडून पाहिलं नाही,” असं मावशींनीच आपणहून सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, “ते गाण्यात होतं ना.” या एका वाक्यात बरंच आहे. आपण गाण्यात भक्तीला सूट देतो. कादंबरी ‘मी’ म्हणून बोलायला लागली की मात्र साक्षीपुरावा मागतो.

विसाव्या शतकात तो ‘मी’ थेट येशूच्या मनात शिरला आणि सगळं बिनसलं. ग्रीक लेखक कझांतझाकिसची येशूवरची कादंबरी ‘द लास्ट टेम्प्टेशन’ १९५४मध्ये व्हॅटिकनच्या निषिद्ध यादीत गेली. तिच्यावरचा चित्रपट १९८८मध्ये दाखवला जात असताना पॅरिसमधलं एक थिएटर पेटवलं गेलं, माणसं जखमी झाली. पोर्तुगीज लेखक सारामागोची येशूवरची कादंबरी पोर्तुगाल सरकारने १९९२मध्ये एका युरोपीय पुरस्काराच्या यादीतून काढली, आणि सारामागो देश सोडून स्पेनच्या लांझारोते बेटावर राहायला गेला. भारतात २००६मध्ये ‘द दा विंची कोड’ चित्रपटावर काही राज्यांनी बंदी घातली; आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूतली बंदी उच्च न्यायालयांनी उठवली.

बडोद्यानेही दोन्ही टोकं पाहिली आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावली, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात कपाटांच्या मधली जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. कुणीही कुठलंही पुस्तक मागावं, हे या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे. आणि याच गावात मे २००७मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत एका विद्यार्थ्याने परीक्षेसाठी मांडलेल्या कलाकृतींवरून वादळ उठलं. त्यांत देवीची प्रतिमा होती तशी क्रूसाचीही होती. आक्षेप घेणाऱ्यांत हिंदू संघटना होत्या, ख्रिस्ती धर्मगुरूही होते. विद्यार्थ्याला अटक झाली. तेव्हाचे दिवस आठवले की अजूनही वाईट वाटतं.

आमच्या मंडळातल्या बहुतेकांना मावशींची अडचण आधी कळली नव्हती. आम्ही ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’वर वाढलेली माणसं. १९६७ या एकाच वर्षी सावंतांनी कर्णाला सूर्य केलं आणि इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये त्याला कठोरपणे तोलून पाहिलं, मराठी वाचकाने दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर ठेवली. महाभारत असं कितीही जणांनी सांगावं. मावशींच्या घरी मात्र ग्रंथ एकच, आणि त्यातली ओळ त्या रोज सकाळी वाचतात. तिथे कुणी शब्द हलवला तर घरातलं सामान हलवल्यासारखं होतं.

तरी चौथ्या रविवारी एकाने विचारलंच, “मावशी, नाताळच्या नाटकात बाळ येशूला भेटायला तीन मागी, ते पूर्वेचे ज्ञानी, येतात ना?” त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला आणि ओळींवर बोट ठेवत वाचला. सोनं, ऊद, गंधरस. “भेटी तीन आहेत,” त्या म्हणाल्या, “माणसं मोजलेली नाहीत.” आणि बराच वेळ ते पान तसंच धरून बसल्या.

शेवटच्या रविवारी त्यांनी आपलं मत सांगितलं. दीनाच्या चार आया, म्हणजे याकोबाच्या बायका, त्यांचा तंबू, बाळंतपणं, सुईणीचं काम हे सगळं त्यांनी मान्य केलं, कारण त्याबद्दल शास्त्र गप्प आहे. एक गोष्ट मात्र त्यांना पटली नाही. शखेम या राजपुत्राने दीनाला भ्रष्ट केलं असं अध्याय सांगतो, कादंबरीत त्याचं प्रेमप्रकरण होतं. हा आक्षेप या पुस्तकावर इतरत्रही घेतला गेला आहे, आणि मला तो अगदी रास्त वाटतो. “त्या सबंध अध्यायात ती एक शब्द बोलत नाही,” मावशी म्हणाल्या. “तिला बोलती केली, बरं केलं. पण तिच्यावर जे झालं ते शास्त्राने लपवलं नाही. ते कशाला पुसायचं?”

मंडळ उठलं तेव्हा त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, चष्मा शोधायचा होता म्हणून. अध्याय उघडाच होता. ३१वं वचन शेवटचं. तिथे भाऊ बापाला एक प्रश्न विचारतात आणि गोष्ट तिथेच तुटते. त्यापुढच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने, आता पुसट झालेल्या तरुण अक्षरात लिहिलं होतं: ‘आणि दीना?’