फार्मासिस्टची रुग्णसेवेतील भूमिका आणि औषधयोजना

रुग्णाची सगळी औषधे एकत्र तपासणे, डोस कमी-जास्त करणे, नको ते औषध थांबवणे, लागेल ते सुरू करणे आणि पुढे परिणामांवर लक्ष ठेवणे, ही कामे फार्मासिस्टने केली तर रुग्णाला काय लाभ होतो, हा औषधव्यवहाराच्या अभ्यासातील एक मोठा संशोधनविषय आहे. मराठीत फार्मासिस्टला ‘औषधनिर्माता’ म्हणतात. हा शब्द खल-बत्त्याच्या काळातला आहे. औषधे कारखान्यात तयार होऊ लागली, निर्मितीचे काम हातून गेले, शब्द तेवढा राहिला. निर्मिती गेल्यावर या व्यवसायाने करायचे काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून जगभर विचारला जात आहे.

फारकत आणि पुनर्भेट. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीच्या राज्यात वैद्य आणि औषधविक्रेता हे दोन धंदे कायद्याने वेगळे केले आणि त्यांच्यातील भागीदारीला बंदी घातली. लिहिणाऱ्याला विक्रीत वाटा मिळू लागला की चिठ्ठी लांबते, हे त्या काळीही ठाऊक होते. चिठ्ठीच्या माथ्यावर असणारी ‘आरएक्स’ ही खूण लॅटिन ‘रेसिपे’ म्हणजे ‘घे’ या आज्ञार्थी शब्दावरून आली आहे. ती आज्ञा रुग्णाला नाही, औषध बनवणाऱ्याला आहे: अमुक घे, तमुक मिसळ. पुढची कित्येक शतके दोघांतील नाते हुकूम देणारा आणि तो बजावणारा असेच राहिले.

1960च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात, फार्मासिस्ट तळघरातील औषधभांडारातून वॉर्डात आले आणि ‘क्लिनिकल फार्मसी’ ही शाखा आकाराला आली. 1990 मध्ये चार्ल्स हेप्लर आणि लिंडा स्ट्रँड यांनी एका निबंधात मांडले की औषध योग्य हाती दिले म्हणजे फार्मासिस्टची जबाबदारी संपत नाही. त्या औषधाने रुग्णाचे काय झाले, याचाही तो उत्तरदायी आहे. ‘फार्मास्युटिकल केअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विचारावर नंतरचे बहुतेक संशोधन उभे आहे.

फार्मासिस्ट नेमके काय पाहतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठीत किंवा घरी चुकून ते ‘रोज’ झाले तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणे थांबवते आणि रुग्ण दगावू शकतो. अशा वेळी अनुभवी फार्मासिस्ट ‘गोळी कशी घेता?’ असे मोघम विचारत नाही. ‘कोणत्या वारी घेता?’ असे विचारतो. उत्तरात वाराचे नाव आले नाही की चूक तिथेच पकडली जाते.

दुसरा प्रकार जास्त फसवा असतो. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू होते आणि काही आठवड्यांनी घोटे सुजतात. सूज हा नवा आजार समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. तिने पोटॅशियम घसरते किंवा युरिक अॅसिड वाढते, म्हणून तिसरे औषध येते. 1990च्या दशकात पॉला रोशॉन आणि जेरी गुर्विट्झ या संशोधकांनी अशा साखळ्यांचे वर्णन केले. यातली प्रत्येक चिठ्ठी सुटी पाहिली तर बरोबरच वाटते. चूक दिसते ती सगळ्या चिठ्ठ्या तारखांच्या क्रमाने एकापुढे एक ठेवल्यावर. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच जागी येतात ती जागा बहुधा औषधाचे काउंटर असते.

निर्णयाच्या जवळ असणे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात एक ज्येष्ठ फार्मासिस्ट सकाळच्या राउंडला डॉक्टरांबरोबर फिरू लागला. ल्युसियन लीप व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले: औषधे लिहिण्यातील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे होणारी इजा 66 टक्क्यांनी घटली. त्याने केलेल्या सूचनांपैकी सुमारे 99 टक्के डॉक्टरांनी स्वीकारल्या. हा दुसरा आकडा वरवर जास्त चमकदार वाटतो, पण सूचना मान्य झाली याचा अर्थ रुग्ण सुधारला असा होत नाही. या क्षेत्रातले अनेक शोधनिबंध स्वीकृतीच्या टक्केवारीवरच थांबतात, ही त्यांची मोठी उणीव आहे. लीप यांच्या अभ्यासाचे वजन पहिल्या आकड्यामुळे आहे.

इंग्लंडमधील ‘पिन्सर’ चाचणीत (2012) 72 दवाखाने घेतले होते. पोटात व्रण झालेल्यांना संरक्षक औषधाविना वेदनाशामके, दमेकऱ्यांना बीटा-ब्लॉकर (श्वासनलिका आवळू शकणारी रक्तदाबाची औषधे), असे धोकादायक प्रकार संगणकाने नोंदींतून शोधून काढले. निम्म्या दवाखान्यांना नुसती यादी दिली, उरलेल्यांत फार्मासिस्ट ती यादी घेऊन डॉक्टरांबरोबर बसला. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटात असे प्रकार स्पष्टपणे कमी आढळले. दोन्ही गटांच्या हातात यादी तीच होती.

सही करण्याचा अधिकार. सल्ला देणे वेगळे आणि स्वतः औषध लिहिणे वेगळे. ब्रिटनमध्ये जून क्राउन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 1999च्या अहवालाने डॉक्टरेतर व्यावसायिकांना हा अधिकार देण्याची वाट खुली केली. 2003 पासून फार्मासिस्ट डॉक्टरने निदान केल्यावर, ठरलेल्या उपचार आराखड्याच्या चौकटीत, औषधे लिहू लागले. 2006 मध्ये स्वतंत्र औषधयोजनेचा, म्हणजे अशा आराखड्याविना स्वतःच्या निर्णयाने औषध लिहिण्याचा, अधिकार आला. कॅनडातील अल्बर्टा प्रांताने 2007 मध्ये हा अधिकार दिला. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी डॉक्टरशी केलेल्या सहकार्य कराराखाली हे काम चालते. इंग्लंडमध्ये जानेवारी 2024 पासून घसा दुखणे, नागीण, स्त्रियांमधील साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींवर, ठरवून दिलेल्या निकषांनुसार, दुकानातील फार्मासिस्ट डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ शकतो. यात निकषांच्या चौकटीत देणे आणि स्वतःच्या निर्णयाने लिहिणे या दोन कायदेशीर गोष्टी वेगळ्या आहेत. चर्चेत मात्र त्यांची सर्रास गल्लत होते.

अल्बर्टातील एका चाचणीत (2015) रक्तदाब आटोक्यात नसलेल्या 248 रुग्णांपैकी एका गटाची औषधे फार्मासिस्टने स्वतः लिहिली आणि बदलली. सहा महिन्यांत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 18.3 मिमीने (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) उतरला. नेहमीच्या पद्धतीच्या गटात तो 11.8 मिमीने उतरला.

सर्वांत लक्षवेधी प्रयोग लॉस एंजेलिसमधील केशकर्तनालयांचा. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या गटाने 52 दुकानांतील 319 कृष्णवर्णीय पुरुष गिऱ्हाइके निवडली. सगळ्यांचा रक्तदाब जास्त होता. निम्म्या दुकानांत न्हाव्याने डॉक्टरकडे जा आणि जीवनशैली सुधारा असा आग्रह धरला. उरलेल्या दुकानांत फार्मासिस्ट स्वतः आला, खुर्चीजवळच रक्तदाब घेतला, डॉक्टरांशी केलेल्या करारानुसार औषध लिहिले आणि रक्तातील क्षारही तिथेच तपासले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार सहा महिन्यांत या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी 27 मिमीने उतरला, दुसऱ्याचा 9.3 मिमीने. 130/80 च्या खाली आले ते अनुक्रमे 63.6 आणि 11.7 टक्के. ओळखीचा, विश्वासाचा माणूस, म्हणजे न्हावी, दोन्हीकडे होता. फरक होता तो त्याच जागी औषध बदलू शकणाऱ्याचा. अर्थात फार्मासिस्टचे वारंवार येणे आणि औषधांची ठरीव पायरी यांचाही वाटा त्यात असणारच, तो वेगळा काढता येत नाही.

2016च्या कॉक्रेन समीक्षेत (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) डॉक्टरेतरांच्या औषधयोजनेवरील 46 अभ्यास तपासले गेले. त्यांपैकी 20 फार्मासिस्टचे आणि 26 परिचारिकांचे होते. रक्तदाब, मधुमेहाचे दीर्घकालीन मापन आणि कोलेस्टेरॉल यांबाबत त्यांचे निकाल डॉक्टरांच्या तोडीचे आढळले. मात्र यातील बहुतेकांना विशेष प्रशिक्षण होते आणि डॉक्टरांचा आधारही होता.

उलटलेला प्रयोग. इंग्लंडमधील ‘होमर’ चाचणी (2005) या विषयात आवर्जून सांगावी अशी आहे. रुग्णालयातून घरी परतलेल्या, ऐंशीच्या पुढच्या 872 जणांपैकी निम्म्यांच्या घरी फार्मासिस्ट दोनदा गेला, औषधे समजावून सांगितली, जुन्या गोळ्या काढून टाकल्या. अपेक्षा होती की पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटेल. प्रत्यक्षात ते सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. गोळ्या नियमित घेऊ लागल्याने दुष्परिणामही नियमित झाले असतील, किंवा लक्षणे ओळखता आल्याने माणसे लवकर मदत मागू लागली असतील. या भेटींत फार्मासिस्ट घरात होता, पण औषध बदलण्याचा निर्णय दुसरीकडे होत होता. डोस न बदलता फक्त आठवण करून देणे वयोवृद्धांच्या बाबतीत निरुपद्रवी नसते, असा संशय या निकालाने निर्माण केला.

पद्धतीच्या अडचणी. फार्मासिस्टचे काम गोळीसारखे नाही. ते दोन ठिकाणी एकसारखे केलेले नसते. एकाच दवाखान्यात दोन गट केले तर डॉक्टर एका रुग्णावर शिकलेले दुसऱ्यावर वापरतो, म्हणून अख्खे दवाखाने किंवा दुकाने गटांत वाटावी लागतात. कोणता रुग्ण कोणत्या गटात हे लपवता येत नाही. बहुतेक चाचण्या सहा ते बारा महिन्यांत संपतात. त्यामुळे रक्तदाबाचे आकडे भरपूर मिळतात, पण पक्षाघात किंवा मृत्यू टळले का हे सांगणारे पुरावे तुटपुंजे आहेत.

शिवाय फ्रेडरिकच्या काळचा प्रश्न पुन्हा दारात आहे. लिहिणारा आणि विकणारा एकच झाला तर? ब्रिटनमधील मार्गदर्शन असे की औषध लिहिणे आणि देणे ही दोन कामे शक्यतो दोन माणसांनी करावीत. एकट्याने चालणाऱ्या छोट्या दुकानात ते जमवणे अवघड जाते, आणि दुसऱ्या नजरेची तपासणी गळते ती तिथेच.