गाठ अंडाशयाची नव्हती, अपेंडिक्सची होती

आमच्या बीडकडं सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'गाठ' हा शब्द आला की घरातली माणसं पुढचं काही ऐकतच नाहीत. माझ्या मावशीच्या रिपोर्टवर उजव्या अंडाशयाची गाठ असावी अशी शंका लिहिली होती. संध्याकाळपर्यंत गल्लीभर 'कॅन्सर निघाला' झालं. 'पिशवीसकट सगळंच काढून टाका,' असंही कुणी सांगितलं. अशीच भीती घालून कित्येक ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचं पुढं आलं, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती.

सीटी स्कॅनमध्ये कळलं, अंडाशय चांगलं आहे. फुगलंय ते त्याच्या शेजारचं अपेंडिक्स. एरवी त्याची जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास असते. हे अंगठ्याहून जाड झालं होतं. याला म्युकोसील म्हणतात. कार्ल रोकिटान्स्की यांनी १८४२ मध्ये त्याचं वर्णन केलं. काढलेल्या हजार अपेंडिक्समागे असे दोन-तीनच निघतात. आत कधी नुसता तुंबलेला चिकट पदार्थ असतो, कधी अस्तराची साधी गाठ, क्वचित कॅन्सर.

ते फुगतं कसं, हे मला फार विलक्षण वाटतं. आतल्या अस्तरात चषकासारख्या पेशी असतात. त्या म्युसिन नावाचं प्रथिन बनवतात. या प्रथिनाला साखरेच्या साखळ्यांची दाट झालर असते आणि त्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, हे आपण शाळेत शिकलोय. मग इवल्या पेशीत ते दाटीवाटीनं मावतं कसं? कॅल्शियममुळं. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार, म्हणून तो शेजारच्या दोन ऋणभारांना एकत्र धरतो आणि घडी बांधलेली राहते. म्युसिन पेशीबाहेर पडलं की कॅल्शियम सुटतो, जागा सोडियम घेतो. त्याच्यावर भार एकच. दोन साखळ्या जोडून धरणं त्याला जमत नाही. साखळ्या एकमेकींना रेटत उलगडतात, पाणी आत ओढलं जातं आणि आकारमान शेकडो पट वाढतं. भिजवलेला सब्जा त्यापुढं काहीच नाही.

निरोगी अपेंडिक्समधून हा पदार्थ मोठ्या आतड्यात वाहून जातो. तोंड बंद झालं किंवा गाठीच्या पेशी भरमसाट म्युसिन करू लागल्या, की तो साठतो. हे सावकाश चालतं, भिंत हळूहळू ताणत जाते, म्हणून बरेचदा ताप नसतो, फार दुखतही नाही. मावशीला नुसतं जड वाटायचं.

त्यावर 'बेंबी सरकली' म्हणून तिनं दोनदा पोट चोळून घेतलं होतं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. असं फुगलेलं अपेंडिक्स फुटलं, तर साध्या दिसणाऱ्या पेशीसुद्धा पोटात सांडून तिथं रुजतात, म्युसिन बनवत राहतात आणि पोट जेलीनं भरत जातं. म्हणून तर सर्जन यात सुई घालून नमुना घेणं टाळतात आणि अपेंडिक्स न फोडता अखंड काढायला जपतात. बेंबी सरकत नसते, आणि चोळून कुठलीही गाठ जिरत नाही.

मावशीचं अपेंडिक्स अखंड निघालं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात कॅन्सर नव्हता. तिची पिशवी आणि दोन्ही अंडाशयं जागच्या जागी आहेत.