पानं कुरतडलेली दिसली तर फवारणीआधी आम्हाला कळवा

देशी रोपं लावून दिली की काही आठवड्यांनी फोन येतोच, "झाडाला कीड लागलीय, काहीतरी मारा." फोटोत पानाच्या कडा कातरलेल्या असतात आणि खालच्या बाजूला नखाएवढी अळी चिकटलेली असते. आम्हाला तो फोटो पाहून आनंद होतो, कारण झाड लावलं ते तिच्यासाठीच.

फुलपाखरू मध कितीतरी फुलांतला पितं, पण अंडी घालायला त्याला ठरावीकच झाड लागतं. पानावर बसून ते पायांनी चव घेतं आणि पटलं तरच अंडं घालतं. ते झाड शहरातून गेलं की फुलपाखरूही जातं. फ्लोरिडातल्या अटाला फुलपाखराचं असंच झालं. त्याच्या अळ्या कूंटी नावाच्या, सायकसच्या गटातल्या बुटक्या झाडावर वाढतात. स्टार्चसाठी कूंटी बेसुमार खणली गेली, उरलेल्या जागेवर वस्ती झाली, आणि 1937 नंतर अटाला नामशेष झालं असंच सगळे धरून चालले. 1959 मध्ये ते पुन्हा सापडलं. पुढे लोकांनी निव्वळ शोभेसाठी आवारात कूंटी लावली आणि अटाला शहरात परतलं! त्याच्या लालभडक अळ्या कूंटीची कोवळी पालवी फस्त करतात. झाडाला पुन्हा पालवी फुटते.

दुर्मीळ रोप आम्ही जंगलातून उपटून आणत नाही, कोणी आणून दिलं तरी घेत नाही. शक्यतो बियांपासून वाढवलेलीच रोपं लावतो. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली शंभर रोपं मुळात एकच झाड असतं. एक रोग आला की सगळी एकदम जातात. म्हणून दोन रोपं उंचीला, पानाला थोडी वेगळी दिसली तर ती बदलून मागू नका.

रोपवाटिकेतून घेताना आणखी एक गोष्ट विचारतो: मुळांतून शोषलं जाणारं कीटकनाशक दिलंय का? ते पानात, परागात आणि मधातही उतरतं. असं रोप आम्ही परत करतो.

कोपऱ्यातली हातभर मोकळी, उन्हातली माती फरशीखाली घालू नका. एकट्या राहणाऱ्या बहुतेक मधमाश्या जमिनीतच बिळं करतात. बागेतला दिवाही रात्रभर नको, पतंग त्याच्याभोवती फिरून दमतात आणि अंडी घालायची राहतात.

अळ्या खूप झाल्या आणि रोप अगदीच लहान असेल, तर आम्ही येऊन काही अळ्या त्याच जातीच्या मोठ्या झाडावर हलवू. तोवर पानाची खालची बाजू दिसेल असा फोटो पाठवून ठेवा.