मुंबईत उपचार घेणाऱ्या गरीब आणि बेघर रुग्णांसाठी धर्मादाय मदत: कुणाला मिळते, अर्ज कसा करायचा, कागद कोणते

गावाकडून पेशंट घेऊन मुंबईत आलेली माणसं खर्चाचा आकडा ऐकला की आधी देवस्थानाच्या कार्यालयाकडे धावतात. ते साहजिक आहे, पण हेलपाटे वाढतात. देवस्थान असो, धर्मशाळा असो की एखादा ट्रस्ट, बहुतेक ठिकाणी रुग्णालयाचा कागद आधी मागतात. म्हणून सुरुवात रुग्णालयातल्या सोशल वर्करच्या टेबलापासून करा.

तिथे पहिलं विचारायचं ते हे, की आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का. बसत असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या या योजनेच्या माणसाकडे जा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. जे त्यात बसत नाही, त्यासाठी पुढचे मार्ग.

मुंबईतली कितीतरी मोठी रुग्णालयं धार्मिक भावनेतून उभी राहिलेल्या ट्रस्टची आहेत. वांद्र्याचं होली फॅमिली, चर्नी रोडचं सैफी ही त्यातलीच. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१ कक लागू होतं. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार २००६ पासून त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, ३,६०,००० रुपयांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला. पैसा येतो निर्धन रुग्ण निधीतून. रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम या निधीत टाकायची असते. बिलिंग काउंटरवर त्याला आयपीएफ म्हणतात, तोच शब्द वापरा, लवकर कळतं.

ही कुणाची मेहेरबानी नाही, हा हक्क आहे. मागताना आवाज खाली ठेवायचं कारण नाही.

कागद फार नाहीत: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड अथवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, आणि ओळखीसाठी आधार. दाखला काढण्यात मात्र वेळ जातो. पेशंट मुंबईत असला तरी दाखला राहत्या तालुक्याच्या तहसीलदारांचा लागतो. म्हणून गावी राहिलेल्या माणसाला त्याच दिवशी फोन करून सेतू केंद्रात पाठवा, किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज भरा. कारणाच्या रकान्यात ‘वैद्यकीय उपचार’ लिहायला विसरू नका. खाटा शिल्लक नाहीत असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. तरीही दाद लागली नाही तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

आता देवस्थानाची मदत. प्रभादेवीचा श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांसाठी गरजू रुग्णाला २५,००० रुपयांपर्यंत मदत देतो. विहित अर्जासोबत रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, आजाराचे रिपोर्ट आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडायचं. रक्कम रुग्णालयाच्या नावे दिली जाते, हातात रोख मिळत नाही. त्यामुळे डिस्चार्जची वाट न बघता पेशंट दाखल असतानाच अर्ज करा.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा अंदाजपत्रकावर. ते रुग्णालयाच्या लेटरहेडवर हवं, आणि त्यावर आजाराचं नाव, करायची शस्त्रक्रिया, एकूण खर्च, तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का, सगळं हवं. त्याहून घोळ होतो नावाचा. केसपेपरवर ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’ आणि रेशनकार्डावर अजून माहेरचंच आडनाव, अशी तीन नावं एका बाईची निघतात. केसपेपर काढतानाच आधार पुढे ठेवा आणि तसंच नाव लिहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण नंतर आठवडा वाचतो.

उपचार लांबले की प्रश्न येतो राहण्याचा. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर सलाईनची सुई टोचलेल्या हातानिशी झोपलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. तिथे जाताना रुग्णालयाचं पत्र, केसपेपर आणि दोघांचं आधार सोबत ठेवा. जागा भरलेली असेल तर सोशल वर्करकडे शहरातल्या इतर धर्मशाळांची यादी मागा. जेवणाची सोय त्या मानाने सोपी: गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये ना कागद विचारतात, ना जात, ना धर्म. डोकं झाकायचं आणि पंगतीत बसायचं.

आणि ज्याच्याकडे यातला एकही कागद नाही, जो इथल्याच पुलाखाली राहतो, त्याचं काय? त्याला अत्यवस्थ अवस्थेत आणलं तर धर्मादाय रुग्णालयाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यावेच लागतात, कागद नंतर. तब्येत सावरली की त्याला बेघर निवाऱ्यात जागा मिळवून द्या, कारण तिथूनच कागद सुरू होतात. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात, फोटोसह दिलेला दाखला आधार नोंदणीसाठी चालतो. मतदार यादीसाठी फॉर्म ६ भरताना बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याने दिलेल्या जागी तो खरंच झोपतो का, हे बघायला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येतो. तेवढे दिवस जागा बदलू नका असं त्याला नीट समजावून सांगा, आणि शक्य असेल तर त्या रात्री तुम्हीही सोबत थांबा.