डार्विन, पाळकसाहेब आणि 'नालायकांचं' गणित

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारची उपासना झाली की बाहेर चहा असतो आणि चहाबरोबर वाद. मागे एकदा बीएस्सीला असलेल्या एका पोराने विचारलं, उत्क्रांती खरी मानली तर माणसाची किंमत काय राहिली, बळी तो कान पिळी एवढंच ना? एक आजोबा लगेच म्हणाले, म्हणूनच मी डार्विन मानत नाही. मला दोघांचंही पटलं नाही, पण चहा गार होत होता म्हणून तेव्हा गप्प बसलो, आता लिहितो.

पहिली गंमत म्हणजे डार्विनला उत्क्रांतीची किल्ली सापडली ती एका पाळकाच्याच लिखाणात. थॉमस माल्थस, चर्च ऑफ इंग्लंडचा. १७९८ मध्ये त्याने नाव न टाकता एक निबंध छापला, अन्न वाढतं बेरजेने आणि माणसं वाढतात गुणाकाराने, त्यामुळे उपासमार न् रोगराई पाठीशी लागणारच. (हाच माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात प्रोफेसर होता, म्हणजे आपल्याकडे साहेब म्हणून येणारी पोरं त्याच्या हाताखालून गेलेली. वाचून जरा कसंतरीच झालं.) डार्विनने तो १८३८ मध्ये वाचला आणि त्याला क्लिक झालं, जन्मतात ढीगभर, जगतात थोडे, तर मग जगतात ते कोण?

त्यांना पुढे 'फिट' म्हणायला लागले आणि घोळ तिथूनच सुरू झाला. हे फिट म्हणजे जिममधलं फिट नाही. त्या जागी, त्या हवापाण्यात ज्याची जास्त पिल्लं जगली तो फिट, बस्स, त्यात चांगला-वाईट काही नाही. आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडचा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारच घ्या. त्या जीनची एकच प्रत असेल तर मलेरियापासून बऱ्यापैकी बचाव होतो, दोन प्रती आल्या तर आयुष्यभराचं दुखणं. मग हा जीन चांगला की वाईट? ते डासाला विचारा.

पण डार्विनचा नातलग फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द काढला, आपल्याकडे त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतात. चांगल्यांनी जास्त पोरं काढावीत, वाईटांनी कमी. या लोकांची सगळी रड काय होती, तर गरीब, अडाणी, 'नालायक' लोकांनाच पोरं फार होतात. अहो, पण डार्विनच्या मापाने ज्याला जास्त पोरं तोच फिट की! म्हणजे निसर्ग ज्यांना पास करत होता त्यांना हे नापास करायला निघाले होते, आणि वर नाव निसर्गाचं.

अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, मग एकेक राज्य मागोमाग. १९२७ मध्ये व्हर्जिनियाच्या कॅरी बकचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. तिच्यावर, तिच्या आईवर आणि मांडीवरच्या पोरीवरसुद्धा मंदबुद्धीचा शिक्का, आणि जस्टिस होम्सने लिहिलं की मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. निकाल ८ विरुद्ध १, नसबंदीच्या बाजूने. ती पोरगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गुणवत्ता यादीत आली, आठव्या वर्षी आजारपणात गेली. आईची नसबंदी तोवर होऊन गेली होती.

आणि गणित तरी बरोबर होतं का? समजा एखादा अप्रभावी आजार आहे, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणारा, आणि तो १०,००० माणसांत एकाला आहे. लोकांमधलं जीनचं प्रमाण काढायच्या हार्डी-वाइनबर्गच्या सूत्राने (१९०८ चं आहे, म्हणजे कॅरीच्या निकालाआधी १९ वर्षं) हिशोब मांडला तर या १०,००० माणसांत बिघडलेल्या जीनच्या साधारण २०० प्रती निघतात. त्यातल्या रुग्णाकडे किती? फक्त २. उरलेल्या १९८ तुमच्या-माझ्यासारख्या धडधाकट लोकांत गुपचूप बसलेल्या. दर पिढीत एकूण एक रुग्णाची नसबंदी केली तरी जीनचं प्रमाण निम्म्यावर यायला १०० पिढ्या लागतात, म्हणजे अंदाजे २,५०० वर्षं! त्यासाठी अमेरिकेत साठ हजारांवर माणसांची नसबंदी केली.

आता आमची बाजू साफ होती असं समजू नका. १९२६ मध्ये अमेरिकन युजेनिक्स सोसायटीने चक्क प्रवचनांची स्पर्धा ठेवली आणि पाळकांनी त्यात भाग घेतला. उलट कॅरीच्या निकालात विरोधात गेलेले एकटे न्यायमूर्ती, पिअर्स बटलर, कॅथलिक होते, आणि १९३० च्या डिसेंबरात पोप अकराव्या पायसने पत्र काढून नसबंदीच्या सक्तीला उघड विरोध केला. पण त्याच पत्रात गर्भनिरोधनालाही बंदी, ती मला पटत नाही. मुंबईत र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली, तेही ख्रिस्ती कॉलेजच, आणि त्याची मला आजही लाज वाटते. नवराबायकोने आपल्या मनाने दोन पोरांवर थांबणं वेगळं आणि सरकारने उचलून टेबलावर टाकणं वेगळं. ते आपण १९७६-७७ मध्ये पाहिलंय, वर्षात ८० लाखांवर नसबंद्या, आणि तीन मुलांनंतर सक्ती करणारं बिल महाराष्ट्राच्या विधिमंडळाने पासही केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती, कुणालाही धरून न नेता.

बायबल माणसाला देवाचं प्रतिरूप म्हणतं, आणि ते म्हणताना बुद्ध्यांक, तब्येत, पगार यातलं काही विचारत नाही. थिओडोसियस डोबझान्स्की, उत्क्रांतीशास्त्रातला दिग्गज आणि स्वतः ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, म्हणायचा की समानता म्हणजे सारखेपणा नव्हे. जीन सगळ्यांचे वेगवेगळे, ते सूक्ष्मदर्शकाचं काम. हक्क सारखे, ते माणसांनी ठरवायचं, आणि माझ्यासारख्याला ते ठरवायला प्रतिरूपाचा आधार लागतो.

पुढच्या रविवारी त्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणतो, काका, मग लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करतात ते युजेनिक्स नाही का? चांगलाच प्रश्न होता. मी म्हटलं, रिपोर्ट त्या दोघांच्या हातात देतात ना, तोवर नाही. कुणी त्यावरून मुलीला नकार देऊन गावभर सांगत सुटलं तर मात्र... आजोबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, आमच्याकडे ते कधीच सुरू झालंय.