सोबतीला राहणारी विद्यार्थिनी की चोवीस तासांची मावशी?

जून उजाडला की नाशिकमधल्या इंदिरानगर, कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात फिरायला लागते. शब्द थोडेफार बदलतात, साचा तोच: ‘एकट्या राहणाऱ्या आजींच्या सोबतीसाठी शिकणारी, चांगल्या घरातली मुलगी हवी. राहणे-जेवण मोफत. सकाळचा नाश्ता, दोन्ही वेळचा स्वयंपाक, अंघोळीला मदत, औषधे वेळेवर देणे. रात्री दोन-तीनदा उठावे लागते. दिवसा कॉलेजला जाता येईल.’

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात, वडील गेलेले, आणि आई ठाम सांगते, ‘मी माझं घर सोडून कुठे येणार नाही.’ रात्री तिने फोन उचलला नाही की इकडे पोटात गोळा येतो. त्या काळजीतून ही जाहिरात लिहिली जाते. पण तिच्यात दोन निराळ्या व्यवस्थांची सरमिसळ झालेली असते. शिकणारी मुलगी सोबतीला राहणं म्हणजे होमशेअर. अंघोळ, औषधं, रात्री उठणं ही पगारी केअरटेकरची ड्युटी. पहिलीच्या मोबदल्यात दुसरी मागितली की मुलगी दोन-तीन महिन्यांत सामान उचलते, आजी दुखावतात आणि बिल्डिंगमध्ये बोललं जातं, हल्लीच्या मुलींना जबाबदारी नको असते. हे मुलींवर अन्याय करणारं आहे. त्या घरात कोणती व्यवस्था हवी होती, हेच आधी ठरलेलं नसतं.

होमशेअरमध्ये घर ज्येष्ठ माणसाचं असतं आणि ते स्वतः तिथे राहत असतात. एक खोली तरुण माणसाला मिळते, भाडं नाही किंवा अगदी थोडं. बदल्यात तो किंवा ती ठरलेले तास घरकामात हातभार लावते, गप्पा मारते आणि रात्री घरात असते. बाकीचा दिवस तिचा: कॉलेज, नोकरी, लायब्ररी, मैत्रिणी. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत आता चांगली रुळली आहे. अमेरिकेत मॅगी कून या बाईंनी तिचा खूप पाठपुरावा केला. ६५ व्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावं लागल्यावर त्यांनी १९७० मध्ये ‘ग्रे पँथर्स’ ही ज्येष्ठांची चळवळ उभी केली आणि फिलाडेल्फियातल्या स्वतःच्या घरात तरुण मंडळींना सोबत घेऊन राहिल्या. फ्रान्सने तर २०१८ मध्ये यासाठी कायद्यात वेगळा करारच आणला: घर देणारी व्यक्ती ६० वर्षांची किंवा त्याहून मोठी, राहणारी व्यक्ती ३० च्या आतली, आर्थिक मोबदला माफक, मदत किरकोळ स्वरूपाची.

‘किरकोळ’ म्हणजे किती, हा खरा प्रश्न, कारण आपल्याकडे गाडी तिथेच घसरते. जर्मनीत ‘वोनेन फ्यूर हिल्फे’ (मदतीच्या बदल्यात राहणं) नावाची योजना अनेक विद्यापीठांच्या गावांत चालते. तिचा हिशेब असा: खोलीच्या दर चौरस मीटरला महिन्याला एक तास मदत. आपली दहा बाय बाराची खोली साधारण ११ चौरस मीटर भरते, म्हणजे महिन्याला ११ तास. ब्रिटनमध्ये आठवड्याला १० तासांच्या आसपास धरतात. नेदरलँड्समधल्या डेव्हेन्टर गावी ‘ह्युमॅनिटास’ या वृद्धनिवासात विद्यार्थी भाडं न देता राहतात आणि महिन्याला ३० तास ‘चांगला शेजारी’ म्हणून देतात. आता वरची जाहिरात पुन्हा बघा. नाश्त्याला पाऊण तास, दोन वेळच्या स्वयंपाकाला मागचं आवरण्यासकट तीन तास, अंघोळीला पाऊण तास, औषधं आणि बाकीची वरकामं अर्धा तास. रोजचे पाच तास, महिन्याचे दीडशे. रात्रीचं उठणं वेगळं. तुमच्या भागात कॉट बेसिसवर राहायला महिन्याला काय पडतं ते बघा, त्यात मेसच्या डब्याचे पैसे मिळवा आणि दीडशेने भागा. येणारा आकडा कोणत्याही घरकामाच्या मावशींना तासाला देऊन बघावा, त्या उंबरा ओलांडणार नाहीत.

केअरटेकरचं गणित मुळात निराळं आहे. ब्युरोमार्फत येवोत की ओळखीतून, त्या नोकरीला आलेल्या असतात. पगार ठरलेला, सुट्टी ठरलेली, सुट्टीच्या दिवशी बदली बाई कोण हेही ठरलेलं असावं लागतं. त्यांना मिळणारी झोपायची जागा आणि जेवण हा नोकरीचा भाग, मोबदला नव्हे. ‘राहणं-खाणं आमच्याकडेच आहे, मग पगार थोडा कमी घ्या’ असं म्हणायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे आणि ती सोडायला हवी. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयोगटातल्या घरकामगार त्याखाली नोंदणी करू शकतात. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना एवढी माहिती देणं आणि कागदांना मदत करणं आपल्याला सहज जमण्यासारखं आहे.

दोन्हींतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो रात्री. होमशेअरमध्ये मुलगी रात्री घरात झोपते. घरात दुसरं माणूस आहे, हाक मारली तर कुणी ओ देईल, दाराची कडी लागली का हे बघायला कुणी आहे, एवढ्यानेच एकट्या माणसाची झोप सुधारते. ही सोबत खूप मोलाची आहे आणि बहुतेक घरांना हवी असते तीही इतकीच. पण ती झोपलेली सोबत आहे. आजींना बाथरूमला जाताना रोज कुणाचा हात लागत असेल, त्या रात्री गोंधळून उठून दार उघडत असतील, कूस बदलून द्यावी लागत असेल, तर तिथे जागतं माणूस हवं. सकाळी सातला प्रॅक्टिकल असलेल्या मुलीने रात्री तीनदा उठायचं, हे आठवडाभर निभतं, वर्षभर नाही. आणि ज्या रात्री तिला जाग येणार नाही, नेमकी त्याच रात्री आजी पडल्या तर? तो ठपका वीस वर्षांच्या पोरीवर येईल. आपल्या सोयीसाठी आपण तिच्यावर काय लादतोय, याचा विचार जाहिरात लिहिण्याआधी व्हावा.

शरीराच्या सेवेचंही तसंच. जर्मन योजनेत शुश्रूषेची कामं सरळ वगळलेली आहेत, ब्रिटनमध्येही होमशेअर करणाऱ्यांकडून ती अपेक्षित नसतात. व्यवहारात सीमा अशी आखता येते. आठवड्याच्या सात कप्प्यांची गोळ्यांची डबी असते ना, ती रविवारी घरच्या माणसाने किंवा नर्सने भरायची. मुलीने जाता जाता बघून ‘आजी, मंगळवारची गोळी तशीच आहे’ म्हणायचं. इथवर होमशेअर. इन्सुलिनचे युनिट मोजणं, साखर कमी-जास्त झाली तर डोस ठरवणं, पट्टी बदलणं, डायपर, अंघोळ हे तिच्याकडे जाता कामा नये. ती आपणहून म्हणाली, ‘मी करते की’, तरीही. मुली मायेने म्हणतात, आणि महिन्याभरात ते त्यांचं रोजचं काम होऊन बसतं.

तेव्हा आपल्या घरात काय हवं हे ठरवायला मी आधी एकच गोष्ट बघायला सांगेन: आजी किंवा आजोबा दिवसभर एकटे राहू शकतात का? स्वतःचा चहा करतात, संडास-अंघोळ स्वतः करतात, दारावरच्या माणसाशी बोलू शकतात, पण संध्याकाळनंतर घर खायला उठतं? मग होमशेअर. दिवसाच एकटं सोडायची धास्ती वाटते? मग पगारी माणूस, आणि तिथे विद्यार्थिनीचा विषयच नको.

पहिल्या प्रकारची घरं नाशकात भरपूर आहेत. नोटांच्या प्रेसमधून, विमानं बनवणाऱ्या एचएएलमधून, बँकांतून निवृत्त झालेल्यांचे रो-हाउस आणि थ्री बीएचके, ज्यांत मुलांच्या खोल्या वर्षानुवर्षं बंद आहेत. आणि दुसरीकडे कळवण, सुरगाणा, नांदगाव, नंदुरबारहून शिकायला किंवा एमपीएससीच्या तयारीला आलेली मुलं-मुली आहेत, एका खोलीत चार कॉट टाकून राहणारी. यांची गाठ घालून देणारं कुणी हवं. ज्येष्ठ नागरिक संघांनी हे काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. जुळवताना अंतर मात्र बघा. खोली पाथर्डी फाट्याला आणि मेडिकल कॉलेज आडगावला असेल तर तिचे दिवसाचे दोन-अडीच तास रस्त्यातच जातील, मग मदतीला उरणार काय?

काही जण म्हणतील, यात नवीन काय? पूर्वी पंचवटीतल्या वाड्यांत भाचे-पुतणे शिकायला राहायचेच, वार लावून जेवणारे विद्यार्थी असायचेच. खरं आहे, पण भाच्याच्या बाजूने बोलायला त्याची आई होती, मामा होता. जास्त काम पडलं तर कुणीतरी कुणालातरी चार शब्द सुनवायचं. परक्या घरात आलेल्या मुलीच्या बाजूने कुणीच नसतं. म्हणून कागद हवा, आणि दोन्ही बाजूंशी महिन्यातून एकदा वेगवेगळं बोलणारी तिसरी व्यक्ती हवी. परदेशांतल्या बऱ्याच योजनांत हे काम संस्था करते, जोडी जुळवून दिल्यावरही ती लक्ष ठेवून असते.

कागदाचं थोडक्यात. आपल्याकडे होमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे लिव्ह अँड लायसन्सचा करार करणं बरं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देतो तशी याचीही द्यावी. केअरटेकरचं राहणं नोकरीशी बांधलेलं असतं, नोकरी संपली की राहणं संपतं. त्यांच्यासाठी कामाचं स्वरूप, पगार, सुट्टी आणि नोटीस लिहिलेलं साधं पत्र करावं. दोन्ही कागद एकात घुसवू नयेत. होमशेअरच्या सोबतच्या पानावर मात्र घरगुती गोष्टी मोकळेपणाने लिहाव्यात: आठवड्याचे तास, कोणती कामं, घरी कितीला यायचं, मैत्रीण आली तर चालेल का, मटण शिजवलेलं चालेल का, परीक्षेच्या महिन्यात सवलत, गावी जायचे दिवस, महिन्याभराची नोटीस. मटणाचा विषय लाजून टाळला तर तो दिवाळीआधी भांडण होऊन बाहेर पडतो.

एक गोष्ट मात्र अजिबात चालवून घेऊ नये. ‘अकरावी-बारावीची मुलगी चालेल, घरात मदत करेल, आम्ही शिकवू.’ १८ च्या आतल्या मुलीला परक्या घरात कामाच्या बदल्यात ठेवणं हा होमशेअर होऊच शकत नाही. १४ च्या आतल्या मुलांना कामाला ठेवणं तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच क्षेत्रांत बंद आहे. अशा मुलीला शिकवायचं असेल तर तिची वसतिगृहाची फी भरावी.

आणि गरज बदलते तेव्हा? आजींचं माकडहाड दुखावलं, ऑपरेशन झालं, विसरायला होऊ लागलं. अशा वेळी मुलीचे तास वाढवत नेण्याचा मोह होतो, कारण ती समोर असते आणि नाही म्हणत नाही. तेव्हा सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या बारा तासांसाठी मावशी लावाव्यात, रात्री जागावं लागत असेल तर रात्रपाळीलाही दुसरं माणूस घ्यावं, आणि मुलीचं काम पूर्वीइतकंच ठेवावं: संध्याकाळचा चहा, पेपर वाचून दाखवणं, लाइट बिल भरणं, मुलाला व्हिडिओ कॉल लावून देणं. तिला आपली खोली सोडायची असेल तर सत्र संपेपर्यंत मुदत द्यावी आणि डिपॉझिट घेतलं असेल तर ते त्याच दिवशी परत करावं.