सिल्व्हर स्पूनच्या मागचं होक्काइदो: कर्ज, घोडे आणि बुतादोन नावाचं डुक्कर

हाचिकेन म्हणजे आठ घरं. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, साप्पोरो शहरात या नावाची वस्ती आजही आहे, १८७२ च्या आसपास सरकारने तिथे आठ कुटुंबं आणून वसवली म्हणून हे नाव पडलं, आणि जवळच चोवीस घरांची वस्ती होती तिचं नाव निजुयोनकेन. सिल्व्हर स्पून (जपानीत गिन नो साजी) या मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिकचा, हिरो युगो हाचिकेन साप्पोरोचा मुलगा आहे आणि त्याचं आडनाव हे असं वस्तीवरून आलेलं आहे. त्याच्या वर्गातल्या पोरांची आडनावंही तशीच: मिकागे हे होक्काइदोतल्याच तोकाची भागातल्या एका रेल्वे स्टेशनचं नाव, कोमाबा म्हणजे तिथलाच घोड्यांच्या पैदाशीसाठी ओळखला जाणारा भाग, इनादा म्हणजे ओबिहिरो शहरातला तो भाग जिथे खरंखुरं कृषी हायस्कूल उभं आहे. शाळेच्या नावात जो एझो आहे ना, तेही होक्काइदोचं जुनं नाव. मला हे कळलं तेव्हा मी सगळे भाग परत पहिल्यापासून वाचायला घेतले, कारण पहिल्यांदा वाचताना मी ही होस्टेलमधल्या पोरांची धमाल गोष्ट म्हणून वाचली होती, आणि ती तशी आहेच, पण तिच्या खाली दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहीत असला की कोमाबाच्या गोठ्याचा भाग वाचताना पोटात तुटतं.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हाचिकेन अभ्यासात हुशार, पण घरच्या अपेक्षांच्या ओझ्याने पार दमलेला, बापापासून लांब जायचं म्हणून होस्टेल असलेली शाळा शोधतो आणि पोचतो ओएझो कृषी विद्यालयात. बाकी सगळी पोरं शेतकऱ्यांची, कुणाच्या घरी दीडशे गाई, कुणाच्या कोंबड्या, प्रत्येकाला पुढे काय करायचं ते ठरलेलं, आणि यालाच एकट्याला काही ठरवता येत नाही. पहाटे उठून शेण काढायचं, घोड्यांचं बघायचं, मग क्लास. शाळेचं ब्रीदवाक्य तीन शब्दांचं: कष्ट, सहकार्य आणि अन्याय. तिसरा शब्द वाचून पहिल्यांदा हसायला येतं, पण जनावर सांभाळणाऱ्याला तो लगेच पटेल. गाय कधी आजारी पडेल, पाऊस कधी पडेल आणि दुधाचा दर कधी पडेल, यातलं काही तुमच्या मेहनतीला विचारून होत नाही.

आता मागे जाऊ. १८६९ मध्ये मेइजी सरकारने एझो बेटाचं नाव होक्काइदो केलं आणि ते वसवण्यासाठी काइताकुशी नावाचं खातं काढलं. उत्तरेला रशिया, त्यामुळे बेट रिकामं ठेवून चालणार नाही असा हिशोब होता. रिकामं म्हणायचं, पण ते रिकामं नव्हतं, तिथे आइनू लोक पिढ्यानपिढ्या शिकार आणि मासेमारी करून राहत होते, साप्पोरो आणि ओबिहिरो ही नावंसुद्धा त्यांच्याच भाषेतून आलेली. त्यांची जमीन आणि नद्या गेल्या, आणि १८९९ च्या कायद्याने त्यांना शेतकरी करायचं म्हणून जास्तीत जास्त पाच हेक्टरचे तुकडे दिले गेले. जपानच्या कायद्यात आइनू हे मूळनिवासी आहेत असं स्पष्ट लिहायला २०१९ साल उजाडलं. मांगात या बाजूवर फार काही येत नाही, पण त्या हिरव्यागार कुरणांकडे बघताना हे लक्षात असावं असं मला मनापासून वाटतं.

तर या थंड बेटावर भात पिकणं अवघड, मग काय करायचं, तर अमेरिकेतून माणसं बोलावली. १८७१ मध्ये होरेस कॅप्रन आला, १८७३ मध्ये ओहायोचा एडविन डन आला आणि त्याने गाई, घोडे, मेंढ्या, दुधाचं लोणी आणि चीज करणं हे सगळं तिथे शिकवलं. १८७६ मध्ये साप्पोरो कृषी महाविद्यालय उघडलं, मॅसॅच्युसेट्सहून विल्यम क्लार्क तिथे जेमतेम आठ महिने राहिला पण 'मुलांनो, महत्त्वाकांक्षी व्हा' हे त्याचं वाक्य जपानमध्ये शाळकरी पोरालाही पाठ असतं. म्हणजे जपानमध्ये बाकी ठिकाणी शेती म्हणजे लहानसं भातखाचर आणि गावकी, पण होक्काइदोत शेती आली ती सरकारी योजना म्हणून, कॉलेजातून, परदेशी जनावरं आणि मोठमोठी वावरं घेऊन. 'शेती शिकायला शाळा' ही कल्पना तिथल्या मातीत सुरुवातीपासून मुरलेली आहे.

तोकाचीची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडते तीच. तिथे सरकारच्या आधी पोचली एक खाजगी मंडळी, बानसेइशा नावाची. इझूकडच्या योदा बेनझोने ती उभी केली आणि १८८३ मध्ये १३ कुटुंबं, २७ माणसं ओबिहिरोला उतरली. पुढे काय झालं, तर टोळधाड आली, पाला न् पाला खाऊन गेली, मग गारठा, मग ताप, एकामागोमाग एक माणसं सोडून गेली. त्या काळातली एक आठवण तिथे अजून सांगतात. जेवायला बसल्यावर एक सोबती म्हणाला की आता डुकराच्या भांड्यातलं खायची वेळ आली, म्हणजे किती खाली आलो आपण. तर बेनझोने त्याला कवितेच्या एका ओळीतच उत्तर दिलं, अर्थ असा की जमीन फोडायची सुरुवात ही अशीच असते, डुकराचं आणि आपलं एकच भांडं. ओबिहिरोतली रोक्काते ही मिठाईवाली कंपनी आजही भांड्याच्या आकाराची एक मिठाई विकते, नावच 'एक भांडं'.

हे वाचलं आणि मला हाचिकेनचं डुक्कर आठवलं. पिल्लं सडांसाठी मारामारी करतात, ज्याला कमी दुधाचं सड मिळतं ते मागे पडतं, आणि त्या सगळ्यात मागे पडलेल्या पिल्लावर याचा जीव बसतो. सगळे सांगतात, नाव ठेवू नकोस, ते खायचं जनावर आहे. हा नाव ठेवतो: बुतादोन. म्हणजे भातावर भाजलेलं पोर्क, हे ओबिहिरोचं स्वतःचं जेवण, १९३३ मध्ये तिथल्या पान्चो नावाच्या खाणावळीतून सुरू झालेलं, ईल माशाला लावतात तसला गोडसर खारट रस डुकराच्या मटणाला लावून. म्हणजे त्याने त्या जिवाचं नाव ठेवताना ते पुढे काय होणार तेच नावात घातलं. आणि शेवटी उन्हाळ्यात राबून कमावलेल्या पैशातून तो त्याचं सगळं मटण, पन्नासेक किलो, स्वतः विकत घेतो आणि बेकन करून सगळ्यांना खायला घालतो. वेड्यासारखं रडलो होतो मी ते वाचून. यात डुक्कर वाचत नाही आणि पोरगा शाकाहारीपण होत नाही, प्रश्न तसाच राहतो, फक्त आता तो त्या प्रश्नाकडे डोळे उघडे ठेवून बघतो.

घोड्यांचंही तसंच. तोकाचीची जमीन फोडली ती मोठ्या हाडाच्या कामाच्या घोड्यांनी, लाकूड ओढलं त्यांनी, माल वाहिला त्यांनी. जत्रेत कुणाचा घोडा जास्त ओझं ओढतो अशा पैजा लागायच्या, आपल्याकडे बैलांच्या लागतात तशाच, आणि त्यातून दुसऱ्या महायुद्धानंतर बानएइ ही अधिकृत शर्यत झाली. २०० मीटरचा सरळ ट्रॅक, त्यात दोन चढ, मागे लोखंडी घसरगाडी जिचं वजन मोठ्या शर्यतीत टनापर्यंत जातं. घोडा चढाच्या आधी थांबतो, दम घेतो, जॉकी त्याला थांबू देतो, आणि प्रेक्षक बाजूने त्याच्यासोबत चालत जातात, कारण वेगच तेवढा. ट्रॅक्टर आला आणि घोड्यांचं काम संपलं. आधी चार शहरांत या शर्यती व्हायच्या, २००७ पासून फक्त ओबिहिरोत उरल्या. हाचिकेनची वर्गमैत्रीण आकी मिकागे, तिच्या घरचे याच शर्यतीसाठी घोडे पाळतात आणि तिला गोठ्यापेक्षा घोड्यांचं काम करायचं असतं, पण एकुलत्या एक पोरीने हे घरी सांगायचं कसं, यातच तिची निम्मी गोष्ट आहे.

आता कर्जाकडे येतो, कारण माझ्या मते या मांगाचा खरा कणा तोच आहे. १९६१ मध्ये जपानने शेतीचा मूलभूत कायदा केला, धोरण असं की शेतकऱ्याची कमाई शहरातल्या नोकरदाराएवढी व्हावी आणि त्यासाठी दूध, मांस, फळं यांचं उत्पादन वाढवावं, शेत मोठं करावं, मशिन घ्यावी. १९६३ मध्ये जपानमध्ये ४ लाख १७ हजारांवर दूध उत्पादक घरं होती, घरटी जेमतेम दोन-तीन जनावरं. २०१९ पर्यंत घरं राहिली १५ हजार. बाकीच्यांनी सोडलं, आणि जे राहिले त्यांनी गोठे वाढवत नेले, म्हणजे लोन काढून शेड, लोन काढून मिल्किंग मशिन, लोन काढून ट्रॅक्टर. १९७९ पासून तर दूध जास्त झालं म्हणून कोटा आला. आधी वाढवा म्हणाले आणि वाढवल्यावर थांबा म्हणाले. २००६ मध्ये होक्काइदोत उरलेलं दूध अक्षरशः फेकून द्यावं लागलं. बरं १९९१ मध्ये गोमांसाची आयात खुली झाली होती, आणि २०१० च्या शेवटी प्रशांत महासागरातल्या देशांच्या व्यापार कराराची चर्चा सुरू झाली तेव्हा होक्काइदोचा शेतकरी धसकून गेला. जपान आपल्या पोटाला लागणाऱ्या कॅलरीपैकी १९६५ मध्ये ७३ टक्के स्वतः पिकवत होता, २०११ मध्ये ३९ टक्के.

हाचिकेनच्या वर्गातला कोमाबा, त्याचं घर याच गणितात बसतं. बाप लवकर गेलेला, आई आणि पोरगा गोठा चालवतात, पोरगा बेसबॉलमधला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, प्रो झालो तर कर्ज फिटेल एवढाच हिशोब त्याच्या डोक्यात. आणि एक दिवस गोठा बंद होतो. कुणी दुष्ट सावकार नाही, कुणाची चूक नाही, जनावरं ट्रकमध्ये चढतात आणि पोरगा शाळा सोडतो. वर मिकागेचं घर त्यांना जामीन राहिलेलं असतं, त्यामुळे आकीचे घोडेही विकावे लागतात. जामीन राहणं म्हणजे काय हे आपल्या गावाकडच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. एका घराचा हप्ता चुकला की शेजारच्या घराचं दावं सुटतं.

हे सगळं एवढं खरं उतरतं कारण लिहिणारी तिथली आहे. हिरोमु अराकावा यांचा जन्म १९७३ चा, तोकाचीतल्या दूध उत्पादक घरात. त्या स्वतः ओबिहिरोच्या कृषी हायस्कूलमध्ये शिकल्या आणि नंतर सात वर्षं घरच्या शेतावर राबल्या, मग १९९९ मध्ये टोकियोला गेल्या. २००१ ते २०१० त्यांची फुलमेटल अल्केमिस्ट ही मांगा चालली, ज्यात काही मिळवायचं तर तेवढंच द्यावं लागतं हा नियम आहे, आणि जो राबणार नाही त्याने खाऊ नये हे त्यांच्या घरचं वळण, दोन्ही एकाच गोठ्यातून आलंय असं मला नेहमी वाटतं. स्वतःचं चित्र त्या चष्मा लावलेली गाय म्हणून काढतात. घरच्या शेतीवरची त्यांची ह्याकुशो किझोकु ही आत्मकथनपर मांगा २००६ पासून चालू आहे, २०२३ मध्ये तिचं अ‍ॅनिमेही, म्हणजे कार्टून मालिकाही झाली. त्यात त्या स्वतःच्या नावाने बोलतात, पण सिल्व्हर स्पूनमध्ये त्यांनी मुद्दाम शहरातला पोरगा आत आणला, ज्याला कोंबडीचं अंडं कुठून बाहेर येतं हे बघून जेवण जाईना आणि मग तेच अंडं गरम भातावर फोडून खाल्ल्यावर डोळे उघडले.

आणि वेळ बघा. २०१० मध्ये मियाझाकीत लाळ्या खुरकूत आला, तीन लाखांच्या आसपास गुरं आणि डुकरं मारावी लागली. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी, फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातल्या अपघातामुळे आसपासच्या गोठ्यांतलं दूध ओतून द्यायची वेळ. आणि ६ एप्रिल २०११ ला शोनेन संडे या मांगा साप्ताहिकात सिल्व्हर स्पूनचा पहिला भाग आला. अन्न कुठून येतं आणि ते आणणाऱ्याच्या घरात काय चाललंय, हा प्रश्न तेव्हा अख्ख्या जपानला पडलेला होता. २०१२ मध्ये मांगा ताइशो हा पुरस्कार, मग शोगाकुकानचा पुरस्कार, २०१३ आणि २०१४ मध्ये अ‍ॅनिमेचे दोन सीझन, २०१४ मध्येच सिनेमा.

एक प्रसंग मी कुणालाही ही मांगा सुचवताना सांगतो. उन्हाळ्यात हाचिकेन मिकागेंच्या गोठ्यावर कामाला असतो, धार काढल्यावर दूध बल्क कूलरमध्ये, म्हणजे थंड साठवणीच्या टाकीत, जाणारा पाइप जोडायचा राहतो आणि सगळं दूध जमिनीवर. पोराचा चेहरा पांढराफटक. तो म्हणतो माझा पगार नको. आणि घरचे त्याला पूर्ण पैसे देतात, कारण काम केलंय ना त्याने, मग पैसे घ्यायचे. ज्याच्या घरी दूध जातं त्याला सांडलेल्या दुधाचा वास आठवेल, आणि हेही कळेल की त्या दिवशीचा तो पगार देणं त्या घराला सोपं नव्हतं.

२०१४ पासून अराकावा यांच्या घरातल्या आजारपणामुळे भाग तुटक तुटक येत गेले, लोक थांबले, आणि २७ नोव्हेंबर २०१९ ला शेवटचा भाग आला, एकूण १५ खंड. त्यानंतर दोन महिन्यांतच, जानेवारी २०२० मध्ये, ओबिहिरो कृषी हायस्कूलची बेसबॉल टीम कोशिएन मैदानावरच्या शाळांच्या राष्ट्रीय वसंत स्पर्धेसाठी निवडली गेली, म्हणजे कोमाबाचं जे स्वप्न होतं तेच. कोरोनामुळे स्पर्धा रद्द झाली. पण निवडलेल्या शाळांना ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर एकेक सामना खेळायला दिला, जवळजवळ रिकाम्या स्टँडसमोर, आणि ही शेतकऱ्यांची पोरं ताकासाकीच्या तगड्या टीमविरुद्ध ४-१ ने जिंकली.